हलका चाप

आज सकाळी न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली तळहातावर उलटी केली आणि काहीच आलं नाही. दाबली, हलवली, बुडावर दोन थपडा दिल्या. आतलं तेल पांढरं होऊन स्वस्थ बसलं होतं. नागावच्या वाडीत थंडी ही अशी येते. शाली-स्वेटर कपाटातून निघायच्या आधी खोबरेल थिजतं, मग बाजारात वालाच्या शेंगा दिसायला लागतात, त्या भाजून पोपटी करायला मडकी शोधली जातात, मांडव्याच्या धक्क्यावर शनिवार-रविवारची मुंबईची माणसं उतरू लागतात आणि आमच्या वाडीच्या मागच्या अंगाला फट् फट् फट् असा आवाज सुरू होतो. नवख्या माणसाला वाटतं, कोणीतरी सुपाऱ्या फोडत बसलंय.

ते माझ्या धाकट्या दिराचं, प्रकाशभावजींचं, पेंटबॉलचं मैदान. एका वादळात आमची अर्धी सुपारी आडवी झाली. नवी रोपं लावून वर्षानुवर्षं वाट बघण्यापेक्षा भावजींनी त्या मोकळ्या झालेल्या जागेत एक फुटकी होडी उलटी घातली, पाच-सात लोखंडी पिंपं उभी केली, भोवती कोळीवाड्यातून आणलेली जुनी जाळी दुहेरी करून बांधली आणि बाहेर पाटी लावली. खेळ सोपा आहे. दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या बंदुकीतून रंगाच्या गोळ्या एकमेकांवर मारायच्या. तोंडावर मुखवटा असतो. ज्याला रंग लागला तो हात वर करून बाहेर. आमची शिल्पा मला दरवेळी सुधारते, आई, बंदूक नाही गं, मार्कर म्हणतात. मार्कर म्हटलं की मला शाळेतला पांढरा फळा दिसतो. मी बंदूकच म्हणते.

मी म्हणजे चष्म्याशिवाय सुईत दोरा न जाणारी, गुडघे आधी उठतात आणि मग आपण उठतो अशा वयाची बाई. पंचवीस वर्षं शिवणाचा क्लास चालवला. पेंटबॉलशी माझा संबंध यायचं काही कारण नव्हतं. पण मैदान सुरू झालं त्या वर्षी जानेवारीतल्या सामन्याला एक माणूस कमी पडला, मला गंमत म्हणून उभं केलं, आणि मी दोघांना रंगवून आले. हा सामना दरवर्षी होतो. आमचे वाडीवाले पाच आणि किहीम-आवासकडे बंगले बांधलेले मुंबईकर पाच. त्यांच्याकडे बॅटरीवर चालणाऱ्या, नुसत्या बोटाच्या स्पर्शाने गोळ्या सोडणाऱ्या भारी बंदुका. आमच्याकडे सगळं स्प्रिंग, लोखंड आणि देव. पहिली तीन वर्षं मी खेळले. तिन्ही वर्षं आम्ही हरलो. पण तो विषय वेगळा.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत माझं उजव्या हाताचं पहिलं बोट अडकायला लागलं. वाकलं की वाकलेलंच राहायचं, डाव्या हाताने सरळ करावं लागायचं, आणि सरळ होताना टक् असा आवाज यायचा. हे म्हणायचे, तुझ्या बोटात चटकणी बसवली आहे का. अलिबागला डॉक्टरांना दाखवलं. तरुण डॉक्टर, नुकतीच दाढी वाढवलेले. त्यांनी बोट दोनदा वाकवलं आणि गंभीरपणे म्हणाले, ह्याला ट्रिगर फिंगर म्हणतात. मला हसू आवरेना. पंचवीस वर्षांच्या कात्रीने दुखणं दिलं, पण नाव मात्र शोभेलसं दिलं. मी विचारलं, मग ट्रिगर ओढायला हरकत नसेल ना? डॉक्टर हसले नाहीत. त्यांना वाटलं मला समजलेलं नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून समजावलं आणि शेवटी, बाहेर पडताना, सगळे म्हणतात तेच म्हणाले, जपा.

पन्नाशीनंतर बाईला हा शब्द इतक्यांदा ऐकावा लागतो की तो तिच्या नावाला आडनावासारखा चिकटतो. पायरी आहे, जपा. उन्हात जाऊ नका, जपा. ऐकायला प्रेमळ असतो, म्हणून त्याच्यावर रागावताही येत नाही. आणि जपून जपून एक दिवस माणूस कपाटात जाऊन बसतं, रुखवतातल्या काचेच्या बांगड्यांसारखं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या सरावात माझं बोट चापावर अडकलं ते सगळ्यांनी पाहिलं. भावजींची परीक्षेची पद्धत साधी होती. बंदुकीवरच्या डब्यात तीस गोळ्या मोजून घालायच्या, समोर टांगलेल्या पत्र्यावर पाच सेकंद मारायच्या, मग डब्यात उरलेल्या मोजायच्या. माझ्या तेवीस उरल्या. चार दिवसांनी घरच्या ग्रुपवर सामन्याची यादी आली. पाच नावांत माझ्या जागी आमचे जावई, निखिल. माझं नाव होतं खाली, चहा-नाश्ता ह्या सदरात, पुढे गुलाबाचं फूल.

जावयाला नाही म्हणायला आमच्या घराण्यात अजून कोणी शिकलेलं नाही. पनवेलहून तो येतो तेव्हा पंख्याखालची खुर्ची त्याची, पापलेटाचा मधला तुकडा त्याचा. बिचारा मुलगा चांगला आहे, त्याला यातलं काहीच नको असतं. पण मान हा घ्यायचा नसतो, अंगावर येतो. भावजींनी मोठ्या खुबीने माझ्यासमोर जावई उभा केला होता. त्याला हलवायचं म्हणजे कुळाचार मोडण्यासारखं.

मी ग्रुपवर लिहिलं, मी खेळणार.

सगळ्यांनी वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. बऱ्याच वेळाने ह्यांनी दोन जोडलेले हात पाठवले, ते नमस्काराचे की विनवणीचे ते अजून मला कळलेलं नाही. आणि हे तेव्हा माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी भावजींकडून माझी जुनी बंदूक मागून आणली, पडवीत परात घेतली आणि परातीत ती उघडली. परात अशासाठी की स्प्रिंग उडाली तर गडगडत मोरीत जाऊ नये. शिवणयंत्र उघडताना मी हेच करते. पंचवीस वर्षांत क्लासची आठ यंत्रं मी कोणाकडे दुरुस्तीला दिली नाहीत. टेन्शन हा शब्द मला आधी यंत्राच्या स्क्रूमुळे माहीत होता, माणसांना तो नंतर लागला. त्यामुळे बंदुकीचं पोट उघडल्यावर मी घाबरले नाही. आत एक हातोडा, त्याच्यामागे ताठ स्प्रिंग, हातोड्याला धरून ठेवणारा आकड्यासारखा खटका, आणि खटक्याला ढकलणारा चाप. चाप ओढला की खटका सुटतो, हातोडा पुढे जातो, हवा फुटते, गोळी जाते, आणि तीच हवा हातोड्याला मागे ढकलून पुन्हा खटक्यात अडकवते. मग चाप पुढे आला की पुढच्या गोळीला तयार. बस्स. शिवणयंत्राची बॉबिन केस याहून कठीण असते.

चाप कितीदा हळूहळू दाबून पाहिला. पहिला निम्मा प्रवास नुसता पोकळ होता. बोट मागे जातंय, आत काही घडतच नाही. मग खटका सुटतो. आणि सुटल्यानंतरही चाप आणखी मागे जातच राहतो, उगाच, बस थांब्यावरून सुटल्यावरही हात हलवत राहणाऱ्या नातेवाइकांसारखा. माझं बोट अडकत होतं ते ह्या शेवटच्या, कामच नसलेल्या टप्प्यात. म्हणजे बोटाला खूप वाकायचं कारणच नव्हतं. ते दुसऱ्याच्या सैल कामाचं ओझं वाहत होतं.

त्या दुपारी पडवीत बसून मला आमच्या घरातल्या बायकांच्या बोलण्याची आठवण झाली. आम्हाला काही हवं असलं की आम्ही असं सुरू करतो, तसं काही नाही हो, म्हणजे तुमची सोय असेल तर, मला काय, माझं कुठेही चालतं. ही सगळी पोकळ चाल. मुद्दा सुटेपर्यंत समोरचा उठून गेलेला असतो. आणि चुकून सुटलाच, तर पुढे तासभर, रागावला नाहीत ना, असं विचारत राहायचं. वेग म्हणजे घाई नव्हे, हे मला त्या परातीने शिकवलं. वेग म्हणजे मधलं रिकामं जाणं-येणं काढून टाकणं.

चापाच्या पुढे एक बारीक स्क्रू होता, मागे एक. पुढच्याने पोकळ चाल कमी केली, मागच्याने चाप सुटल्याबरोबर थांबेल असा टेकू दिला. खटक्याची घासणारी कड खरबरीत होती, ती झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने इतकी घासली की तीत नाक दिसावं. राहिली चापाला पुढे आणणारी स्प्रिंग. ती फार ताठ होती, बोटाशी भांडायची. नरम स्प्रिंग हवी होती. ती मला ह्यांच्या पेनात मिळाली. थळच्या खत कारखान्यातून हे निवृत्त झाले तेव्हा मिळालेलं, मखमली डबीतलं, सोनेरी मुलाम्याचं पेन. मी स्प्रिंग काढल्यावर आठवडाभराने हे बँकेचा अर्ज भरायला बसले आणि टिक टिक करत राहिले. पेनाचं टोक काही बाहेर टिकेना. म्हणाले, हल्ली कशातच दम राहिला नाही. मी म्हटलं, खरं आहे.

पहिल्या दिवशी मी जास्तच शहाणपणा केला. पुढचा स्क्रू इतका आवळला की पोकळ चाल शून्य. चाप एकदा दाबला आणि बंदूक थांबेचना. खटक्याला हातोडा धरायला फुरसतच मिळत नव्हती. डब्यातल्या सगळ्या गोळ्या माझी परवानगी न विचारता गेल्या आणि दोरीवर वाळत असलेल्या ह्यांच्या लेंग्यावर पिवळ्या रंगाचं नक्षत्र उमटलं. तेव्हा कळलं की थोडी पोकळ चाल ठेवावीच लागते. धरून ठेवायला जागा नसली की ते धाडस नसतं, नुसतं सांडणं असतं. स्क्रू अर्धा वळसा मागे घेतला. मग शेवटी तेल. मशीनचं तेल संपलेलं होतं. हात सवयीने जिथे जातो तिथे गेला. आमच्या वाडीत कुलूप, बिजागरी, सायकलची चेन, बाळाची टाळू, सगळ्याला एकच बाटली. दोन थेंब खटक्यावर, दोन चापाच्या खिळीवर.

थंडीतली दुपार आमच्याकडे चांगली कोवळी गरम असते. त्या उन्हात तो चाप पाण्यासारखा चालला. बोट जेमतेम वाकायचं आणि गोळी गेलेली असायची. पाच सेकंदांत सव्वीस. एकटीच होते, म्हणून दोनदा मोजल्या.

मी भावजींना जाऊन सांगितलं, सामन्याच्या सकाळी परीक्षा घ्या, माझी आणि निखिलची. जो जास्त मारेल तो खेळेल. भावजी आधी हसले, मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचे थांबले. निखिलला कळलं तेव्हा तो कानापर्यंत लाल झाला. स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला, आई, मी नाही खेळलो तरी चालेल, माझा पाय मुरगळला असं सांगतो. मी कांदा चिरत होते.

"निखिल, तू जागा दिलीस तर मी घरात बसेन," मी म्हटलं. "मला ती घेऊ दे."

त्याने टोपलीतला एक कांदा उचलून सोलायला घेतला. मग म्हणाला, मग मी पूर्ण जोर लावून खेळणार हां. त्या दिवशी मला जावई आवडला.

सामन्याची सकाळ अशी गार होती की नारळाच्या झावळ्यांवरून दव ठिबकत होतं आणि बोलताना तोंडातून वाफ निघत होती. साडेसहाला सगळे मैदानावर. नझीरभाई हवेच्या टाक्या भरत होते. ते मुरुडचे, बरीच वर्षं कुवेतला इंजिनांवर काम करून आलेले, आता होड्यांची इंजिनं बघतात आणि भावजींचा कंप्रेसर. आधी निखिल उभा राहिला. पाच सेकंद. डब्यात नऊ उरल्या, म्हणजे एकवीस मारल्या. मग मी.

चाप दाबला, गोळी गेली, आणि चाप आतच राहिला. सावकाश, जांभई देत, पुढे आला. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. पाच सेकंदांत पाच.

भावजींनी उरलेल्या पंचवीस मोजल्या नाहीत. डब्यात नुसतं बघितलं. मग माझ्याजवळ येऊन अगदी मायेने म्हणाले, "वयनी, हात दुखत आसंल. जपा आता."

मी तेव्हा जवळजवळ मान्य केलं होतं. खरंच वाटलं की बोटच गेलं. एवढी माणसं, एवढी थंडी, आणि आपण ह्या वयात काय मांडलंय. बंदूक परत द्यायला पुढे केली आणि नाकाशी वास आला. डोक्याचा. म्हणजे माझ्या डोक्याचा, वेणीचा, खोबऱ्याचा. मी तिथेच ओल्या मातीवर बसले, दोन स्क्रू काढले आणि झाकण उघडलं. खटक्याभोवती पांढरं, लोण्यासारखं घट्ट खोबरेल बसलं होतं. जन्मभर दर थंडीत जी बाटली उन्हात ठेवली, तिचं तेल मी पहाटेच्या कामाला लावलं होतं. मला हसू फुटलं. खांदे हलताना बघून शिल्पाला वाटलं मी रडतेय, ती धावत आली.

मी भावजींकडे पंधरा मिनिटं मागितली. ते म्हणाले, बंगलेवाले पोचतीलच, सामना साडेसातला, त्यांना परतीची बोट आहे. शिवाय एकदा झाला तो झाला, नियम म्हंजे नियम. हे माझी बाही ओढत होते. एरवी मी इथे म्हटलं असतं, तसं काही नाही हो, तुमचं बरोबर आहे.

"भावजी, बोट हरलं असतं तर मी गप्प चहा केला असता," मी म्हटलं. "हरलंय खोबरेल. माझं बोट अजून खेळलेलंच नाही."

टाकीचा नळ बंद करत नझीरभाई म्हणाले, "प्रकाशशेठ, इंजन थंड असताना होडी शर्यतीत कोण सोडतो? पंधरा मिनिटं द्या वहिनींना."

भावजींनी घड्याळ बघितलं, आभाळाकडे बघितलं, जावयाकडे बघितलं. जावई माझ्यासाठी जमिनीवर पंचा अंथरत होता. भावजी म्हणाले, बारा मिनिटा. हाय त्यात करा.

चहाचं आधण उकळत होतं, त्यातलं तांब्याभर पाणी मी वेगळं काढून घेतलं. खटका, चाप, खिळी त्यात सोडली. वर तेलाचे गोल डोळे आले. ओढणीच्या टोकाने एकेक पुसलं. नझीरभाईंनी त्यांच्या डबीतलं पातळ इंजिन तेल काडीवर दिलं. माझी बोटं गारठली होती, पण त्यांना रस्ता पाठ होता. चष्मा वाफेने धुकट झाला तेव्हा तो काढून टाकला. खटका तसाही हातालाच जास्त चांगला दिसतो. झाकण बसवलं तेव्हा बंगलेवाल्यांच्या दोन गाड्या फाटकातून आत येत होत्या.

ते सगळे उतरून येऊन कडेला उभे राहिले. त्यांना कोणीतरी सांगितलं असावं, कारण त्यांचा कप्तान हाताची घडी घालून बघत होता, सर्कशीत बघतात तसा. भावजींनी तीस गोळ्या घातल्या. मी श्वास सोडला. चाप दाबला. ह्यावेळी दुपार नव्हती, ऊन नव्हतं, पण चाप पुढे आला तो थेट बोटाला भेटायलाच. फट् फट् फट् फट्, सलग, एका टाक्यामागे दुसरा टाका पडावा तसं. पत्रा इतका वाजला की झावळीवरचा कावळा उडाला.

चार उरल्या. भावजींनी मोजल्या, पुन्हा मोजल्या, मग त्यांना संशय आला की बंदूक एका दाबात दोन सोडते. नझीरभाईंनी सगळ्यांसमोर चाप सावकाश दहादा दाबला. दहा दाब, दहा गोळ्या. मग भावजींना तोंडाने म्हणावंच लागलं. ते म्हणाले, "वयनी खेळतील." बंगलेवाल्यांपैकी कोणीतरी टाळी वाजवली, पण मी तिकडे पाहिलं नाही, कारण तेवढ्यात माझं बोट अडकलं होतं. हात ओढणीखाली घेऊन डाव्या हाताने ते सरळ केलं. टक् झालं. निखिलने ऐकलं, पण तो चहाकडे बघत राहिला.

हे बोट बरं झालेलं नाही. गेल्या आठवड्यात डॉक्टर पुन्हा म्हणाले, छोटी शस्त्रक्रिया आहे, दहा मिनिटांची, करून टाकू. दाढी आता त्यांना शोभायला लागली आहे. मी म्हटलं, जानेवारी जाऊ दे. ह्यावेळी ते हसले. घरातले अजूनही मला जपा म्हणतात आणि मी अजूनही त्यांच्यावर रागवत नाही. फक्त आता त्यांच्या प्रेमाला माझ्या कामाच्या आड येऊ देत नाही. ह्यांनी नवीन पेन घेतलंय, टोपणाचं. त्याला स्प्रिंगच नसते. ते म्हणतात, योगायोग.

त्या सामन्यात काय झालं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर लोक समजतील मी ट्रॉफी आणली. मी उलट्या होडीमागे होते. एकाला पिंपामागून डोकावताना खांद्यावर घेतलं, दुसऱ्याच्या मुखवट्यावर. तिसरा माझ्या डाव्या अंगाने कधी आला ते कळलंच नाही. बरगडीवर दणका बसला, हिरवा रंग ओढणीवरून ओघळला. चौथं मिनिट संपायचं होतं. तो सामनाही आम्ही हरलोच.

बाद झालेल्याने हात वर करून जवळच्या कडेने बाहेर पडायचं असतं. माझी जवळची कड दहा पावलांवर होती, जाळीत फटही होती. मी तिकडे गेले नाही. हात उंच धरला आणि मैदानाच्या मधून, पिंपांच्या रांगेतून, आपल्या आणि त्यांच्या सगळ्या माणसांसमोरून, अजिबात घाई न करता, पार दुसऱ्या टोकाच्या फाटकापर्यंत चालत गेले. दोन्ही बाजूंच्या बंदुका तेवढा वेळ थांबल्या होत्या.